आमची वाटचाल : ग्रॅम मोजणारा कारखाना

भोसरीत आमचा गाळा आहे. सुरुवात फायबरच्या कामापासून झाली. बसचे डॅशबोर्ड, ट्रॅक्टरची बॉनेटं, जे मिळेल ते. काम भरपूर, पण पेमेंट तीन-तीन महिन्यांनी आणि वर दरवर्षी भाव पाडायचा तगादा. रविवारी मात्र मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर असायचो. तिथल्याच ओळखीतून अमेरिकेतल्या एका मराठी इंजिनिअरनं विचारलं, "घरी ग्लायडर बांधतोय. पंखाचा स्पार करून द्याल का?" ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान आणि स्पार म्हणजे पंखाच्या आत लांबीभर जाणारा, भार पेलणारा कणा.

त्याची अडचण वजनाची होती. तिकडे बिनइंजिनाचं अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकं विमान, रिकामं 155 पौंडांच्या, म्हणजे साधारण 70 किलोंच्या आत असेल, तर विमानाची नोंदणी लागत नाही की पायलटचं लायसन्स. जिम मॉपिन या डिझायनरचं 'कार्बन ड्रॅगन' हे ग्लायडर 44 फुटी पंख घेऊनही या हद्दीत बसलं, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच असतं.

आता गणित बघा. माणसासकट 150 किलोंचं ग्लायडर 4 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट भार, सोसणार असेल, तर एका पंखावर 300 किलोंचा भार येतो. तो पंखाच्या मुळापासून सुमारे 2.8 मीटरवर एकवटला असं धरा आणि वर दीडपट सुरक्षितता घ्या. मुळाशी स्पार 20 सेंटिमीटर उंच असेल, तर वरच्या कॅपवर, म्हणजे स्पारच्या वरच्या पट्टीवर, सव्वासहा टनांचा दाब आणि खालच्या कॅपवर तेवढाच ताण. हे सगळं पेलायला प्रत्येकी जेमतेम एक चौरस सेंटिमीटर छेदाचं कार्बन फायबर पुरतं. उंची 16 केली की तोच आकडा आठ टनांकडे जातो. म्हणून बारीक, देखणा पंख मागणाऱ्याला मी आधी मुळाशी जाडी वाढवायला सांगतो. जाडीनं वजन वाढतं हा गैरसमज फार पक्का आहे.

वरच्या कॅपचं दुखणं वेगळं. कार्बन ताणाला जितका भक्कम, तितका दाबाला नाही. त्यात तंतूला जराशी लाट आली तरी ताकद झपकन उतरते. हातानं कापड बसवताना ती लाट येतेच. म्हणून आम्ही ओढून काढलेले तयार सरळ गज वापरतो. दोन कॅपमधल्या उभ्या भिंतीला, म्हणजे वेबला, कापड 45 अंशांत, आणि पिळाचा भार पुढच्या डी-ट्यूबवर, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या D आकाराच्या पोकळ नळीवर. मागचा भाग नुसत्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, आणि कापड.

वजन खरं चढतं ते रेझिनमुळे, म्हणजे हार्डनर घालून घट्ट होणाऱ्या, तंतू धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवामुळे. आमच्या ताई कागदी कप काट्यावर ठेवून रेझिन-हार्डनर मोजतात, लेअप, म्हणजे रेझिन लावून थर बसवणं, झाल्यावर उरलेलं पुन्हा मोजतात आणि दोन्ही आकडे जॉबकार्डावर लिहितात. सोनाराकडेसुद्धा एवढी कटकट नसेल!

प्रत्येक नव्या डिझाइनचा एक पंख उलटा बांधून त्यावर वाळूची पोती रचतो. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी. पूर्ण भारावर तीन सेकंद टिकला पाहिजे. तो पंख पुढे कुणालाही विकत नाही. पोती चढताना रेझिन कटकट बोलतं, तेव्हा गाळ्यातलं कुणी चहालासुद्धा हलत नाही.

"चाचणी नको, तेवढे पैसे कमी करा," म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. त्यात दोन-चार चांगली गिऱ्हाइकं गेली. गेली तर गेली.

आज आम्ही स्पार, रिबा आणि हिशेबाची वही देतो; कापड ज्याचं त्यानं चढवायचं. पावसाळ्यात दमट हवेनं इपॉक्सी रेझिनवर चिकट थर धरतो, म्हणून तेव्हा लेअप कमी आणि ड्रॉइंग जास्त. डॅशबोर्डही अजून चालू आहेत. पगार त्यांच्यावरच निघतात.