थर्मोस्टॅट बदल : सी वायरपासून सायकल रेटपर्यंत

सप्टेंबरअखेर

घर न्यू जर्सीतलं, सत्तरच्या दशकात बांधलेलं. बेसमेंटमध्ये गॅस फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, मागच्या अंगणात एसीचा कन्डेन्सर, म्हणजे बाहेरचं युनिट, आणि दोघांना मिळून हॉलच्या भिंतीवर एकच गोल थर्मोस्टॅट, खोलीचं तापमान बघून त्यांना चालू-बंद करणारा. हनीवेलचं ते प्रसिद्ध 'राउंड' मॉडेल, हेन्री ड्रेफसने डिझाइन केलेलं, १९५३ पासून अमेरिकेतल्या घराघरांत दिसणारं. त्याचं काहीही बिघडलेलं नाही. तरी काढतेय, कारण रात्री तापमान उतरवायचं आणि पहाटे चढवायचं हे काम रोज हाताने करायला मी तयार नाही. शिवाय फर्नेस कधी पेटते, किती वेळ चालते याची नोंद मला हवी आहे, आणि ती देणं या गोल डब्याच्या कुवतीबाहेरचं आहे.

नवा निवडताना माझी अट एकच होती. इंटरनेट गेलं किंवा कंपनीने सर्व्हर गुंडाळला, तरी घरातल्या माझ्या कंट्रोलरशी त्याचा संवाद चालू राहिला पाहिजे. नेस्ट या ब्रँडच्या पहिल्या दोन पिढ्यांचे, म्हणजे २०११ आणि २०१२ चे थर्मोस्टॅट ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅपपासून तोडले गेले. भिंतीवर ते आपलं काम करतात, फोनवरून मात्र काही करता येत नाही. वीस-वीस वर्षं भिंतीवर राहणाऱ्या वस्तूला हे परवडत नाही. म्हणून झेड-वेव्हवाला (इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालणारा रेडिओ), सात दिवसांचं वेळापत्रक ठेवणारा साधा डिजिटल घेतला. तो होम असिस्टंटला, म्हणजे माझ्या कंट्रोलरवरच्या सॉफ्टवेअरला, जोडणार. चकचकीत काच नाही, जवळ गेलं की उजळणारा पडदा नाही. माझं त्यावाचून अडत नाही.

ऑक्टोबर : जुना उघडला

आधी फर्नेसशेजारचा स्विच बंद, मग पॅनेलमधला ब्रेकर बंद, मगच स्क्रूड्रायव्हर. थर्मोस्टॅटच्या वायरींत २४ व्होल्टची वीज असते, तिने माणसाला काही होत नाही. पण चालू स्थितीत आर (वीज आणणारी) आणि सी (विजेच्या परतीची) या वायरींची टोकं एकमेकांना लागली तर फर्नेसच्या बोर्डावरचा फ्यूज उडतो. गाडीत असतो तसलाच पात्यांचा फ्यूज, ३ अँपचा जांभळा किंवा ५ अँपचा फिकट तपकिरी. एक-दोन जादा आणून ठेवा, किंमत चहाइतकीही नाही.

वरचं झाकण खेचलं की आतली मजा दिसते. मधोमध घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली द्विधातूची पट्टी, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, आणि कुपीत पाऱ्याचा थेंब. खोली गार झाली की पट्टी आवळते, कुपी कलते, पारा घरंगळत दोन तारांवर येतो आणि सर्किट पूर्ण होतं. फुंकर मारून बघा, पारा हलतो. बाजूला एक बारीक काटा आणि अँपिअरची पट्टी असते, तो 'अँटिसिपेटर'. म्हणजे एक छोटासा रोध, जो फर्नेस चालू असताना द्विधातूच्या पट्टीला किंचित ऊब देतो, त्यामुळे खोली ठरलेल्या तापमानाच्या पुढे जायच्या आत ज्योत बंद होते. हे लक्षात ठेवा, पुढे नोव्हेंबरच्या नोंदीत हाच विषय आहे.

पारा आहे म्हणून हे कचऱ्यात टाकायचं नाही. कुपी न काढता अख्खा थर्मोस्टॅट झिपलॉकमध्ये घालून काउंटीच्या घातक कचरा संकलनाला द्यायचा. माझा सध्या गॅरेजच्या फळीवर, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला आहे.

भिंतीतून आलेल्या वायरी : आर, डब्ल्यू, वाय, जी. आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून आलेली वीज, डब्ल्यू म्हणजे हीटिंग, वाय म्हणजे कूलिंग, जी म्हणजे नुसता पंखा. रंगांवर विसंबू नका, ज्या स्क्रूखाली वायर आहे त्याचं अक्षर बघा, फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीचं लेबल लावा, मगच सोडवा. जाड काळ्या-लाल वायरी आणि त्यांच्यावर प्लास्टिकच्या टोप्या दिसल्या, तर तुमच्याकडे २४० व्होल्टचे बेसबोर्ड हीटर आहेत. तिथे हा थर्मोस्टॅट चालत नाही आणि ही नोंद तुमच्या कामाची नाही.

नवा लावायच्या आधी एक प्रयोग केला, जो प्रत्येकाने एकदा करावा. ब्रेकर बंद असताना आर आणि डब्ल्यूची उघडी टोकं एकमेकांत पिळली, ब्रेकर चालू केला आणि धावत बेसमेंटमध्ये गेले. आधी धूर ओढणारा छोटा पंखा घुंघुं करू लागला. मग प्रेशर स्विचची टिक. फर्नेसच्या छोट्या खिडकीतून इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारी तार, नारिंगी होताना दिसला, गॅस व्हॉल्व्ह खटकला आणि बर्नरवर निळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेली. अर्ध्या मिनिटाने घरभर हवा ढकलणारा मोठा ब्लोअर. हे सगळं फर्नेसच्या बोर्डाने स्वतः केलं. वर भिंतीवर थर्मोस्टॅट नव्हताच, होत्या फक्त दोन जोडलेल्या वायरी. तुम्ही तीनशे डॉलर द्या की तीस, हीटिंगच्या बाबतीत तो एवढंच करतो : आर आणि डब्ल्यू जोडतो, नाहीतर सोडतो.

ऑक्टोबर : सी वायर

आपल्यातल्या निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडतं. जुन्या पाऱ्याच्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागत नव्हती. डिजिटलला लागते, आणि आरमधून आलेल्या विजेला परतीची वाट म्हणजे सी. काही डिजिटल थर्मोस्टॅट सी नसताना डब्ल्यू किंवा वायच्या वायरीतून थोडा थोडा प्रवाह चोरून बॅटरी भरतात. काही फर्नेस ते निमूट सोसतात, काहींचा रिले (बोर्डावरचा विजेने चालणारा स्विच) मध्येच किटकिटतो. माझ्या मॉडेलमध्ये नुसत्या बॅटरीचीही सोय आहे, पण मग झेड-वेव्हचा रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि इतर उपकरणांचे संदेश पुढे पाठवत नाही. मला हॉलच्या मध्यावर रिपीटर हवाच होता.

भिंतीतली केबल हलकेच पुढे ओढली तेव्हा आवरणाभोवती गुंडाळून ठेवलेली निळी वायर मिळाली. न वापरलेली पाचवी! खाली फर्नेसपाशीही ती तशीच गुंडाळलेली होती. ज्याने कोणी ही केबल टाकली त्याला माझा दंडवत.

बोर्डावर एक गोष्ट नीट बघा. सीच्या स्क्रूखाली आधीच एक वायर असते. ती पाहून "सी तर आहेच की" असं वाटतं. पण ती बाहेरच्या कन्डेन्सरकडे जाते : तिकडून दोन वायरी येतात, एक वायला आणि एक सीला. वर भिंतीकडे जाणारी सी वेगळी. निळी वायर त्याच स्क्रूखाली दुसरी म्हणून बसवली, वर मल्टिमीटर लावला : आर ते सी २६ व्होल्ट. २४ ते २८ च्या दरम्यान काहीही आलं तरी ठीक. मीटरवर शून्य आलं तर घाबरण्याआधी फर्नेसचं खालचं झाकण घट्ट बसलंय का बघा. त्याच्यामागे एक सुरक्षा-बटण असतं, ते दाबलं गेल्याशिवाय बोर्ड जिवंतच होत नाही.

पाचवी वायर नसेल तर? जुन्या केबलला नवी बांधून ओढायचा सल्ला सगळे देतात, पण जुन्या घरांत केबल लाकडाला स्टेपल केलेली असते, जागची हलत नाही. प्लगमध्ये लावायचा वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चालतो, भिंतीवरून वायर लोंबते एवढंच. चार वायरींची पाच करणारा अ‍ॅडॉप्टर फर्नेसमध्ये बसवणं त्याहून बरं. जी काढून तिला सी करायची युक्ती मी टाळेन, नुसता पंखा चालवायची सोय जाते. हीट पंपवाल्यांनी (एकाच यंत्राने घर गारही करणाऱ्या आणि तापवणाऱ्यांनी) ओ/बीची, म्हणजे गार की गरम हे ठरवणाऱ्या वायरीची, सेटिंग जरूर तपासावी : बहुतेक कंपन्या कूलिंगला ओ चालू ठेवतात, रीम आणि रूड या कंपन्या हीटिंगला बी. उलटं झालं की उन्हाळ्यात घर तापतं.

नवी पाटी भिंतीवर लावताना लेव्हल वापरली. डिजिटलला तिची गरज नाही, पाऱ्यालाच होती. तिरका दिसतो म्हणून वापरली, बस्स.

ऑक्टोबरअखेर : भिंतीतलं भोक

बाहेर पहिल्यांदा कडक थंडी पडली आणि आकडे विचित्र दिसू लागले. थर्मोस्टॅट ६६ फॅरनहाइट म्हणतोय, टेबलावरचा सेन्सर ६८. केबल जिथून बाहेर येते त्या भोकापाशी हाताची मागची बाजू धरली तर गार हवेची बारीक धार लागली. भिंत आतून पोकळ, वर माळ्यापर्यंत उघडी. ती हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीत शिरत होती. केबलभोवती पुट्टी दाबून भोक बुजवलं आणि दुसऱ्या सकाळी दोन्ही आकडे जुळले. मेन्यूत तापमान दोन डिग्रीने सरकवून घ्यायची सोय असते, पण तिने हा प्रश्न सुटत नाही. वारा असेल त्या दिवशी फरक वेगळा, नसेल त्या दिवशी वेगळा. आधी पुट्टी, मग काय उरेल ते मेन्यूत.

नोव्हेंबर : सायकल रेट

मला खरं बोलायचंय ते याविषयी. वेळापत्रक, अ‍ॅप, रंगीत पडदा यांच्यावर सगळे लिहितात. घरात सुख वाटतं की नाही हे ठरवणारी सेटिंग इन्स्टॉलर मेन्यूच्या पोटात असते आणि बहुतेक घरांत ती कारखान्यातून आली तशीच राहते.

जुन्या अँटिसिपेटरचा वारस म्हणजे 'सायकल्स पर अवर'. फर्नेसवरचा भार साधारण निम्मा असताना तासातून किती वेळा पेटवायची, हे त्यातून ठरतं. हनीवेलच्या पद्धतीत साध्या गॅस किंवा तेलाच्या फर्नेसला ५, ९०% च्या वरच्या कार्यक्षमतेच्या फर्नेसला आणि गरम पाण्याच्या रेडिएटरना ३, वाफेला १, विजेच्या हीटरला ९. तुमची कोणती हे ओळखायला धुराचा पाइप बघा. पांढऱ्या पीव्हीसीचा पाइप भिंतीतून आडवा बाहेर गेला असेल तर ती ९०% च्या वरची. माझी तशीच आहे, आधीच्या मालकाने बदललेली. थर्मोस्टॅट आला होता ५ वर.

दोन्हींचा फरक बघायला लांबच्या बेडरूममधल्या, गरम हवा येते त्या झडपेत डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सोडला, ईएसपी३२ या छोट्या वाय-फाय बोर्डाला जोडला, आणि होम असिस्टंटमध्ये त्याचा आलेख फर्नेसच्या चालू-बंदच्या आलेखाखाली ठेवला. ५ वर असताना चित्र असं : ज्योत पेटते, पहिली काही मिनिटं बेसमेंटमधल्या हवेच्या थंडगार डक्टच (नळ्याच) तापवण्यात जातात, बेडरूमच्या झडपेतली हवा जरा कोमट व्हायला लागते, तेवढ्यात हॉल तृप्त होतो आणि ज्योत बंद. हॉल मजेत, बेडरूम कायम उपाशी. ३ केल्यावर एकेक फेरी लांबली. झडपेतला आलेख आता चढून वर सपाट होतो, म्हणजे गरम हवा तिथे पोचून काही वेळ टिकते. हॉलचं तापमान आधीपेक्षा थोडं जास्त झुलतं, पण अंगाला जाणवत नाही. त्या खोलीत ठेवलेला छोटा विजेचा हीटर मी उचलून माळ्यावर टाकला.

काही कंपन्या सायकलऐवजी 'डिफरन्शियल' किंवा 'स्विंग' देतात : किती डिग्री घसरल्यावर पेटवायचं. अर्धा डिग्रीवरून एक केलंत की परिणाम साधारण तोच.

डिसेंबर : सासूबाई

कोल्हापूरहून सासूबाई आल्या. डिसेंबरातलं न्यू जर्सी त्यांना पहिल्यांदाच. पहाटे पाचला उठण्याची सवय, आणि माझ्या वेळापत्रकात पाचला घर ६२ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम १७ सेल्सिअस. एका सकाळी बघते तर आकडा ७८.

"आई, एवढा कशाला वाढवला?"

"अगं, मोठा आकडा लावला की लवकर तापेल ना. मग करते कमी."

हे जगभरातल्या लोकांना वाटतं. माझी फर्नेस एकाच टप्प्याची आहे, ज्योत एकाच आकाराची. ७० लावा नाहीतर ७८, हवा तितकीच गरम येते, फक्त ७० ला न थांबता पुढे जाते. आईंना मी आर-डब्ल्यूचा प्रयोग सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे इस्त्रीसारखं. रेशमावर लावली काय, सुतीवर लावली काय, आतली तार तेवढीच लाल होते, बंद कधी व्हायचं तेवढं वेगळं." इस्त्रीतही तीच द्विधातूची पट्टी. मला इतकं नेमकं सुचलं नसतं.

पण त्यांना थंडी वाजत होती ती खरीच होती, तेव्हा वेळापत्रकच बदललं. पाचला ६९. थर्मोस्टॅटमध्ये 'रिकव्हरी' चालू असल्यामुळे तो पाचला पेटत नाही, पाचला ६९ गाठेल अशा बेताने आधीच पेटतो. घर किती हळू तापतं हे शिकायला त्याला पहिले काही दिवस लागतात, तेवढ्यात वैतागून ती सोय बंद करू नका. हीट पंपवाल्यांनी मात्र रात्री फार खाली उतरू नये. पहाटे चढताना विजेचे जादा हीटर लागतात आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा की दिवसातले ८ तास ७ ते १० डिग्री फॅरनहाइट खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १०% पर्यंत बचत होते. 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा. घरी दिवसभर माणूस असलं की ते ८ तास फक्त रात्रीचे उरतात, आणि पाचला उठणारं माणूस असलं की त्याहून कमी. माझं बिल आता जरा वाढेल. वाढू दे.

पडद्याला लॉक लावता येतं, मी लावलेलं नाही. आईंना दोन डिग्री वर-खाली करायचं बटण दाखवलं आहे. त्यांनी केलेला बदल पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत टिकतो, मग वेळापत्रक आपोआप परत येतं. 'होल्ड', म्हणजे हाताने केलेला बदल, कायमचा राहणार नाही एवढी सेटिंग मात्र मी केली आहे.

जानेवारी : राहिलेलं

हीटिंगची बाजू झाली. जी तपासला, पंखा एकटा चालतो. वाय अजून तपासलेला नाही. बाहेर ६० फॅरनहाइटच्या खाली असताना एसी चालवू नये, कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. एप्रिलमध्ये चांगला उबदार दिवस बघून करेन. तेव्हा कूलिंग लावल्यावर पडदा 'थांबा' म्हणत राहिला तर लगेच वायरी उचकू नका. बंद झालेला कॉम्प्रेसर साधारण पाच मिनिटं परत सुरू होऊ द्यायचा नाही, अशी सोय आतच असते. तोवर मी कूलिंग मेन्यूतूनच काढून टाकलं आहे, म्हणजे पहाटे अंधारात चुकून भलतं बटण दाबलं गेलं तरी बाहेरचा कन्डेन्सर बर्फात सुरू होणार नाही.