नाव नोंदवायचं की नाही

गुरुवार

सहा मिनिटं चालण्याच्या टेस्टमध्ये आज मागच्या वेळेपेक्षा बरंच कमी अंतर झालं. नाकात नळी, चार लिटर ऑक्सिजन चालू, तरी बोटावरच्या यंत्रातला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८१ वर उतरला. सिलिंडरची ट्रॉली घेऊन सोबत चालणाऱ्या मुलीने मला थांबवलं.

नंतर डॉक्टर सरळच बोलले. "मॅडम, औषधाने आजाराचा वेग कमी होतो, आजार थांबत नाही. फुप्फुसांच्या ट्रान्सप्लान्टच्या तपासण्या करायच्या असतील तर हीच वेळ. अजून उशीर केलात तर ऑपरेशन सोसायची ताकद राहणार नाही."

माझा आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसांना येणारी सूज. आता तो फायब्रोसिसपर्यंत, म्हणजे फुप्फुसं कडक होण्यापर्यंत गेलेला. डोंबिवलीच्या आमच्या घरात बेडरूमला लागूनच डक्ट आहे आणि तिथे वर्षानुवर्षं कबुतरं. विष्ठेची, पिसांची धूळ खिडकीतून आत यायची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नोंदीत फुप्फुसांच्या अशा आजारांचे १,०८४ रुग्ण होते आणि त्यांतल्या ४७ टक्क्यांना हाच आजार होता. त्यात कबुतरांपेक्षा एअर कूलरचा वाटा मोठा निघाला. कबुतरांचं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर, असं मनात येतं. पण आज तो विषय नाही.

घरी येताना रिक्षात हे काहीच बोलले नाहीत, सगळा वेळ सिलिंडरचा काटा बघत होते.

शनिवार

लेक पुण्याहून आला. बसल्या बसल्या म्हणाला, "आई, पैशाचं तू बघू नकोस." मला राग आला. मी नको बघू तर कुणी बघायचं? चेन्नईच्या हॉस्पिटलने दिलेला अंदाज तीस लाखांच्या वर आहे. शिवाय तिथे काही महिने घर भाड्याने घेऊन राहायचं, कारण काढलेलं फुप्फुस शरीराबाहेर सहा-आठ तासच टिकतं आणि फोन आला की लगेच पोचावं लागतं. ऑपरेशननंतरही सुरुवातीचे महिने हॉस्पिटलजवळच. आणि गोळ्या जन्मभराच्या. हे सगळं गावच्या जागेवर येणार. ती विकायची तर माझ्यादेखत, मला विचारून विकली जावी.

सोबत कोण राहणार, हा त्याहून अवघड प्रश्न. हे राहतील, पण यांची स्वतःची शुगर आहे, आणि घरी अठ्ठ्याऐंशीच्या सासूबाई. जाऊबाई म्हणाल्या, "आईंना मी नेते, तुम्ही त्याची काळजी सोडा." त्या मनापासून म्हणाल्या, मला माहीत आहे. तरी सासूबाईंना या वयात दुसऱ्या घरात हलवायचं म्हणजे काय, हेही मला माहीत आहे.

रविवार

ट्रान्सप्लान्ट झालेल्या एका गृहस्थांशी आज फोनवर बोलले. डॉक्टरांनीच जोडून दिलं. चार वर्षं झाली त्यांना.

त्यांनी काही लपवलं नाही. शुद्धीवर आल्यावर खोकला आपोआप येत नव्हता, कारण नव्या फुप्फुसांच्या नसा कापलेल्या असतात. कफ साचल्याची जाणीवच होत नाही, म्हणून ठरवून, वेळ लावून खोकावं लागायचं. शरीराने नवी फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून टॅक्रोलिमसची गोळी, बारा तासांच्या अंतराने, घड्याळ लावून. तिच्यामुळे हात थरथरतात, आजही चहा बायकोच कपात ओतते. पपनस बंद, कारण त्याने रक्तातली गोळीची पातळी वाढते. कुंडीतली माती उकरायची नाही, बुरशीची भीती. लग्नाकार्याची गर्दी नको. रोज सकाळी घरच्या यंत्रात फुंकर मारून आकडा वहीत लिहायचा. आणि हल्ली तो आकडा उतरायला लागला आहे. क्रॉनिक रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी फुप्फुसं हळूहळू नाकारतंय, असं डॉक्टरांचं म्हणणं. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

मी विचारलं, "पुन्हा वेळ आली तर कराल का?"

"ते मला विचारू नका ताई. माझं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, एवढं सगळं ते मध्ये कुठेही न थांबता बोलले होते. लांबलचक वाक्यं, एका दमात. मी तीस वर्षं वर्गात मराठी शिकवलं, कविता मोठ्याने म्हणून दाखवल्या. आता "यांना जरा पाणी आणून दे" एवढं म्हणतानाही दोनदा थांबावं लागतं. त्या माणसाचं बोलणं दिवसभर कानात आहे.

सोमवार, रात्री

झोप नाही. मशीनचा आवाज चालू आहे. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर किती वेळ निघेल, हा हिशेब रोजचाच.

डॉक्टरांनी आकडाही सांगितला होता. जगभरच्या नोंदींत फुप्फुस बदललेल्यांतले निम्मे साधारण साडेसहा वर्षांहून जास्त जगतात, निम्मे त्याआधीच जातात. हृदय बदललेले याहून बरेच जास्त जगतात. फुप्फुसाचं तसं नाही, प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची हवा आणि जंतू थेट त्याच्यापर्यंत पोचतात. म्हणजे मी बरी होणार नाही. एक आजार देऊन दुसरा घेणार. फक्त त्या दुसऱ्यात बहुतेक मला चालता येईल, बोलता येईल.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत. माझी उंची पाच फुटांच्या आत, आणि फायब्रोसिसने छाती आणखी आखडलेली. उंच माणसाचं फुप्फुस मला बसणार नाही. म्हणजे माझ्यासारखी बुटकी बाई, नाहीतर शाळकरी वयाचं कुणीतरी. जी मुलं मी आयुष्यभर समोर बसलेली पाहिली, त्या वयाचं. त्यांच्या घरी तो दिवस येईल तेव्हाच माझा फोन वाजणार. त्यांच्या जाण्याला मी कारण नाही, हे डोक्याला पटतं. पण त्या फोनची वाट बघत बसायचं म्हणजे काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते सापडेपर्यंत थांबायला वेळही नाही.

दुसरी म्हणजे बाळंतपणं. गरोदरपणात बाईच्या रक्तात परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या काही अँटिबॉडीज तयार होऊ शकतात, आणि त्या असतील तर जुळणारं फुप्फुस मिळणं आणखी अवघड. माझी दोन बाळंतपणं. लेकाला मी हे सांगितलेलं नाही.

बुधवार

आज यांना समोर बसवलं आणि म्हटलं, लिहून घ्या. तपासण्यांना जायचं. अँजिओग्राफी, हृदयातल्या दाबाची तपासणी, हाडांची घनता, जे सांगतील ते सगळं करायचं. तपासण्या बघून डॉक्टरांनी ट्रान्सप्लान्टला नाही म्हटलं तर दुसरं हॉस्पिटल शोधत फिरायचं नाही, घरी यायचं आणि धाप कमी करणारी औषधं नीट सुरू करायची. हो म्हटलं तर नाव नोंदवायचं. वाट बघताना व्हेंटिलेटरवर जायची वेळ आली तर किती दिवस, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवायचं, माझ्यासमोर. यांनी तेवढं एक वाक्य लिहिलं नाही. मी पेन घेऊन लिहिलं.

मग हे म्हणाले, "भिंतीला टेकून बसलीस तर तू बरी दिसतेस. मला वाटतं, राहू दे सगळं." इतक्या वर्षांत यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, राहू दिलं तर तेही ठरवलंच की आपण. फक्त ते माझ्या फुप्फुसांनी ठरवलेलं असेल. मला स्वतः ठरवायचंय.

विमानात ऑक्सिजन लागणार, त्यासाठीचा एअरलाइनचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा आहे. तोंडात जंतुसंसर्ग असेल तर नाव नोंदवत नाहीत, म्हणून आधी दातांची तपासणी. मंगळवारची वेळ मिळाली आहे. खालची दाढ बहुधा काढावी लागेल.