मराठी वाक्य उलटवू नका: शब्दांची बैजिक राशी करताना

शब्दांतलं गणित अक्षरं आणि अंकांत मांडायचं, म्हणजे बैजिक राशी करायची, तर इंग्रजी शिकवण्यांमध्ये एक युक्ती हमखास सांगतात. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ दिसलं की क्रम उलटा करायचा: एक्स आधी, पाच नंतर. युक्ती बरोबर आहे, पण इंग्रजीपुरती. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी शाळेतलं मूल पुढे इंग्रजी माध्यमात जातं किंवा मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघतं, आणि तीच युक्ती मराठी वाक्यालाही लावतं. मग ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ याचं ५ − क्ष होऊन बसतं. मराठीत इथे उलटवायचं काहीच नाही. क्ष आधी आला, त्यातून ५ गेले: क्ष − ५.

लांब वाक्यात हा फरक जास्त जाणवतो. ‘एका संख्येच्या दुपटीत ३ मिळवून येणाऱ्या बेरजेचा निम्मा भाग’ घ्या. शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने लिहीत जा: क्ष, मग २क्ष, मग २क्ष + ३, मग (२क्ष + ३)/२. इंग्रजीत हेच वाक्य ‘हाफ ऑफ’ने सुरू होतं, म्हणजे शेवटची क्रिया सगळ्यात आधी. कन्नडची चाल मात्र मराठीसारखीच आहे. ‘गिंत ५ हेच्चु’ म्हणजे ‘पेक्षा ५ ने जास्त’, ‘गिंत ५ कडिमे’ म्हणजे ‘पेक्षा ५ ने कमी’, आणि आपल्या ‘पट’ला तिकडे ‘पट्टु’. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या मुलाला या दोघींमुळे अडायचं कारण नाही.

क्रमावर डोळे मिटून विसंबू मात्र नका. मराठीत शब्द इकडचे तिकडे होतात, प्रत्यय आपली जागा सोडत नाही. ‘क्ष मधून ५ वजा करा’ आणि ‘५ क्ष मधून वजा करा’ या दोन्हींचं उत्तर क्ष − ५ च. ‘मधून’ ज्याला चिकटलं, त्यातून काढायचं. भागाकारात ‘ला’ चिकटलेली संख्या वर आणि ‘ने’ चिकटलेली खाली: ‘क्ष ने ५० ला भागा’ म्हणजे ५०/क्ष, जरी क्ष आधी ऐकू आला तरी. नुसत्या ‘ने’वरून मात्र काही ठरत नाही. ‘५ ने जास्त’, ‘५ ने गुणा’, ‘५ ने भागा’ या तिन्हींत तो आहे, म्हणून पुढचा शब्द वाचल्याशिवाय पेन टेकवू नये.

कंसाचं पण असंच. ‘संख्येच्या दुपटीत ३ मिळवा’ म्हणजे २क्ष + ३. ‘संख्येत ३ मिळवून बेरजेची दुप्पट करा’ म्हणजे २(क्ष + ३). ‘बेरजेची’, ‘वजाबाकीचा’, ‘येणाऱ्या संख्येला’ असे शब्द दिसले की त्याआधीचं सगळं कंसात जातं. शंका आली तर क्ष च्या जागी १० घालून बघा: पहिल्यात २३, दुसऱ्यात २६. ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची असते आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. १ किंवा २ घालून तपासू नका. २ + २ आणि २ × २ सारखेच येतात, त्यात चूक लपते.

आता बाजारात या. बटाट्याची प पोती, प्रत्येकी ५० किलो. ‘पोत्यामागे १ किलो बारदान (रिकाम्या पोत्याचं वजन) वजा’ म्हटलं की ५०प − प, म्हणजे ४९प. ‘एकूण वजनात १ किलो तूट’ म्हटलं तर ५०प − १. दहा पोत्यांवर ४९० आणि ४९९, नऊ किलोंचा फरक! ‘मागे’ आणि ‘दर’ हे शब्द आले की ती रक्कम पोत्यांच्या संख्येने गुणली जाते. ‘पोत्याला ८ रुपये हमाली’ मधला ‘ला’ सुद्धा असाच आहे, भागाकारातला नव्हे. त्यावर ६०० रुपये गाडीभाडं असेल तर एकूण खर्च ८प + ६००. इथे बरीच मुलं ६०८प लिहून मोकळी होतात. पण भाडं गाडीचं आहे, पोत्याचं नाही. पोती दुप्पट झाली तरी ६०० तेवढेच राहतात, म्हणून त्यांना प चिकटत नाही. ‘शेकडा ३’ कापायचे असतील तर र रुपयांच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, हातात र − ३र/१०० पडतात. र − ३ म्हणजे लाखाच्या मालावर तीन रुपये कापल्यासारखं. असा व्यापारी कुणाला भेटला तर कळवा.

सव्वा-दीड-अडीच ही आपली खास दौलत, आणि खास अडचणही. दीडपट ३क्ष/२, अडीचपट ५क्ष/२, पाऊणपट ३क्ष/४ इथपर्यंत ठीक चालतं. सव्वापटीला चुकतात: क्ष + १/४ लिहितात. पाव कशाचा, हे विचारायला हवं. पाव त्या संख्येचाच असतो, म्हणून क्ष + क्ष/४, म्हणजे ५क्ष/४. पावणेदोनपट म्हणजे तसंच २क्ष − क्ष/४ = ७क्ष/४. सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५ हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्याकडून क्ष च्या जागी १०० मांडून घ्या, गाडी रुळावर येते.

अक्षर वस्तूचं नसतं, संख्येचं असतं. ऊस वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला दोन बैल. ग गाड्या आणि ब बैल, तर समीकरण काय? ‘गाडीला दोन बैल’ हे ऐकताच हात २ब = ग लिहितो, कारण ब म्हणजे ‘बैल’ असं डोक्यात बसलेलं असतं. दहा गाड्या घालून बघा: त्यांना वीस बैल लागतात, म्हणून ब = २ग. दोन त्या बाजूला लागतो जिथे संख्या लहान आहे. वहीत पहिल्या ओळीला ‘ब = बैलांची संख्या’ असं पूर्ण लिहायची सवय लावली तर निम्म्या चुका तिथेच थांबतात. भास्कराचार्यही अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत. सुट्या अंकाला ‘रू’. आपलं २क्ष + ३ त्यांच्याकडे ‘या २ रू ३’. तो ‘या’ म्हणजे ‘जेवढी असेल तेवढी’ संख्या, वस्तू नव्हे.

वयाच्या उदाहरणात एकच खबरदारी: ‘५ वर्षांपूर्वी’ आलं की सगळ्यांचीच वयं ५ ने कमी करा. आई आ आणि मुलगा म वर्षांचे असतील आणि तेव्हा आईचं वय तिप्पट असेल, तर आ − ५ = ३(म − ५). कंस विसरला की ३म − ५ होतं.

शेवटचा सापळा जमिनीच्या उताऱ्यावर दिसतो. २-१० म्हणजे दोन एकर दहा गुंठे, हे २.१० एकर नव्हे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून अ एकर आणि ग गुंठे म्हणजे ४०अ + ग गुंठे. दोन एकर दहा गुंठ्यांचे ९० गुंठे, आणि एकरात सव्वादोन. दोन अंकी संख्येलाही हाच नियम: दशक द आणि एकक ए असेल तर संख्या १०द + ए, दए नव्हे, दए लिहिलं की गुणाकार होतो. ‘बत्तीस’ म्हणताना आपण दोन आधी उच्चारतो, म्हणून ऐकून लिहिणारी मुलं द आणि ए ची अदलाबदल करतात. त्यांना संख्या आधी अंकात लिहायला लावा, मगच अक्षरं द्या.