आज दिवसभर स्कॅनरशेजारी

चिंताविकाराचा अभ्यास करायचा आणि त्यासाठी घाबरणाऱ्या माणसालाच एमआरआय स्कॅनरच्या, म्हणजे ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या, अरुंद, खडखडणाऱ्या बोगद्यात झोपवायचं! म्हणून आधी नकली स्कॅनरमध्ये सराव, मग कानात इअरप्लग, डोक्याभोवती स्पंज, हातात मदतीसाठी दाबायचा फुगा.

काम सोपं दिसतं. पडद्यावर रागावलेले, घाबरलेले चेहरे. मधेमधे नुसते आकार. जुळणाऱ्या चित्राचं बटण दाबायचं. चेहऱ्यांना अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीती-धोक्याशी जोडलेला छोटासा भाग, जास्त प्रतिसाद देतो. पण आपण मोजतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, जेमतेम एखादा टक्का, आणि तोही ५-६ सेकंद उशिरा शिखरावर पोचणारा. डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी आकडे बिघडतात. अस्वस्थ माणूस हलतोही जास्त, मग दिसलेला फरक आजाराचा की हालचालीचा? त्यात अमिग्डाला कवटीच्या तळाशी, हवेच्या पोकळ्यांजवळ, तिथे सिग्नल गळतो. स्कॅनचे काप तिरके घेतले, वॉक्सेल (चित्राचे छोटे घन ठोकळे) ३ ऐवजी २ मिलिमीटरचे ठेवले की थोडा वाचतो. सकाळची कॉफीसुद्धा नोंदवायची. कॅफिनने मेंदूतला रक्तप्रवाह घटतो.

आणि हो, 'स्कॅन काढून डिप्रेशन आहे का सांगा' असं कृपया विचारू नका. फरक दिसतो तो गटांच्या सरासरीत. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिलाच, तर तो बहुधा गाठ वगैरे नाही ना, एवढं बघायला.