तुम्ही विचारलंत म्हणून: धड्याला कोण गंडवतं?

इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच: "सर, कॉन म्हणजे गंडवणं ना? मग जुन्या कवितेतला मुलगा धडा कॉन करत बसतो, तो कुणाला गंडवतो?"

हसत नाही मी. अकरावीत भाषांतराच्या पेपरात मीच लिहिलं होतं, 'त्याने रात्रभर दिव्याखाली धड्याला फसवले.' बाईंनी शेजारी लाल शाईत एवढंच लिहिलं: 'आणि धड्याने तुला.'

कॉन दिसतो एक, पण आहेत वेगवेगळे. अभ्यासाचा कॉन, म्हणजे धडा मन लावून वाचणं, घोकणं, फार जुना. जुन्या इंग्रजीत 'कुनन' म्हणजे जाणणं. आजचे 'कॅन' आणि 'कनिंग' त्याच घरातले. संस्कृत 'ज्ञा' आणि त्यावरून आलेलं आपलं 'जाणणं' हीसुद्धा लांबची भावकीच.

गंडवण्याचा कॉन त्या मानाने कालचा. न्यूयॉर्कात विल्यम थॉम्पसन नावाचा एक इसम रस्त्यात अनोळखी माणसाला गाठायचा, जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा मारायचा आणि हळूच विचारायचा, "उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल, इतका विश्वास आहे का माझ्यावर?" लोक ठेवायचे! ना चाकू, ना धाकदपटशा. समोरचा स्वतःच्या हाताने घड्याळ काढून द्यायचा. १८४९ साली तो पकडला गेला आणि वर्तमानपत्राने त्याचं नाव ठेवलं 'कॉन्फिडन्स मॅन'. लोकांनी त्याचा 'कॉनमॅन' केला, पुढे नुसतं 'कॉन' उरलं. विश्वासाचा शब्द असा फसवणुकीच्या कामाला लागला, याची मला अजून गंमत वाटते.

जहाजाला दिशा देणं हाही एक कॉन, जुन्या पाणबुड्यांच्या 'कॉनिंग टॉवर'मधला. कैदी तो कॉन, म्हणजे कन्व्हिक्टचं शेपूट तोडलेलं. 'प्रोज अँड कॉन्स'मधला (बाजूचे आणि विरोधातले मुद्दे) लॅटिन 'कॉन्ट्रा'चा, म्हणजे 'विरुद्ध'चा. परीक्षेला पहिले दोन पुरतात.

आणि इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं बघा. 'पुस्तक वाचलं' आणि 'थोडक्यात वाचलो'. किंवा 'पाठ': धड्याचा तो पाठ, अंगाची ती पाठ, एक संस्कृत 'पाठ', दुसरी 'पृष्ठ'मधून आलेली. आमचे शेजारी नुकतेच बदली होऊन आलेत, मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मराठी शिकतात. परवा जिन्यात त्यांना म्हटलं, "आज पाठ फार दुखतेय." त्यांनी आस्थेने विचारलं, "कितवा?"