सार्क बेट: 2008 ला सरंजामशाही संपली असं वाचून जाऊ नका, आणि सायकलचे ब्रेक आधी तपासा

आधी तक्रार, मग बाकीचं. सार्कला जायच्या आधी जे काही वाचलं त्यात एकच गोष्ट फिरवून फिरवून लिहिलेली, की युरोपातली शेवटची सरंजामशाही 2008 ला संपली. म्हणून आमचा प्लॅन असा होता की सकाळच्या बोटीने जायचं, जुना वाडा बघायचा, कबुतरखाना बघायचा, एक रात्र राहून परत. प्रत्यक्षात दोन रात्री राहिलो, त्यातली दुसरी जबरदस्तीची, आणि परत येताना पक्कं कळलं होतं की 2008 ला मतदान बदललं, जमीन नाही बदलली. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी दोन दिवस ठरवूनच ठेवले असते, जास्त लोकांशी बोलले असते. म्हणून लिहितेय.

सार्क म्हणजे गर्न्सी बेटाच्या पूर्वेला इंग्लिश खाडीतलं साडेपाच चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती पाचशे-सहाशे. ब्रिटिश राजाच्या अखत्यारीत, पण यूकेचा भाग नाही. मोटारी नाहीत, ट्रॅक्टर, घोडागाडी, सायकल आणि आपले पाय. गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्टहून बोटीला पाऊण-एक तास लागतो. वर गावात जायला बंदरावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. पाठीवर फक्त सॅक असेल तर ट्रॉली सोडा, बाजूच्या पायवाटेने चढून जा, चढ दमवतो पण लांबचा नाही.

आता मुद्द्याचं. 1565 मध्ये एलिझाबेथ राणीने हे बेट जवळच्याच जर्सी बेटावरच्या हेलियर द कार्तरेला जहागीर म्हणून दिलं. अट एकच, बेट ओसाड ठेवायचं नाही, बंदूक बाळगणारे 40 पुरुष कायम इथे राहिले पाहिजेत म्हणजे चाचे येऊन ठाण मांडणार नाहीत. त्याने बेटाचे 40 वाटे पाडले, एकेक कुटुंबाला एकेक वाटा दिला, घर बांधायचं, शेत करायचं आणि एक बंदूकधारी माणूस द्यायचा. या वाट्याला तिथे टेनेमेंट म्हणतात. आपल्याला टेनेमेंट म्हटलं की चाळीतली खोली आठवते, इथे म्हणजे जमिनीचा आख्खा तुकडा, समुद्राच्या कड्यापर्यंत. जहागीरदाराला म्हणायचं सेन्यर, बाई असेल तर डेम. सेन्यरने राजाला वर्षाला भरायचा फाळा तेव्हाच्या 50 सू (जुनं फ्रेंच नाणं), आजच्या हिशोबाने 1 पौंड 79 पेन्स. ती रक्कम आजही तेवढीच आहे. माझे आजोबा गुहागरकडे खोताचं कूळ होते, आमच्याकडे खोती 1949 च्या कायद्याने गेली, त्यामुळे हा आकडा वाचल्यावर मला दुसरं काही बघायची इच्छाच राहिली नाही. खोताने सरकारला किती भरायचं आणि कुळाकडून किती घ्यायचं यातल्या फरकावर आमच्याकडे पिढ्या गेल्या.

इथला फरक कसा निघायचा ते बघा. टेनेमेंट विकायचं तर सेन्यरची परवानगी लागायची आणि विक्रीच्या किमतीचा तेरावा हिस्सा सेन्यरला. त्याला त्रेझिएम म्हणत. आपल्याकडे वर्ग 2 ची जमीन विकताना कलेक्टरची परवानगी आणि नजराणा लागतो ना, तसंच, फक्त इथे नजराणा सरकारजमा न होता एका माणसाच्या खिशात. 1993 मध्ये बार्कले बंधू या ब्रिटिश अब्जाधीश भावांनी शेजारचं ब्रेकू नावाचं छोटं बेट, जे सार्कचंच एक टेनेमेंट धरलं जातं, 23 लाख 30 हजार पौंडांना घेतलं, तेव्हा सेन्यरला 1,79,230 पौंड मिळाले. एका सहीचे. 2006 ला हे बंद केलं, त्याऐवजी जमीन हस्तांतराचा कर लावला जो बेटाच्या सभेकडे जातो, आणि सेन्यरला वर्षाला 28,000 पौंड, महागाईप्रमाणे वाढणारे, ठरवून दिले. जर्सीने असले हक्क 1966 लाच काढून टाकले होते.

सायकल. गावातल्या एका दुकानातून दोन सायकली एका दिवसासाठी घेतल्या. नाव लिहीत नाही. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक जवळपास नव्हताच, मी दाबून दाखवला, माणूस म्हणाला सपाट बेट आहे, काही होत नाही. सपाट नाहीये. वरचं पठार सपाट आहे, पण सार्कचे दोन भाग आहेत, मोठं सार्क आणि छोटं सार्क, आणि मधे जो दांडा आहे त्याला ला कूपे म्हणतात, तिथे उतरत जायचं आणि पलीकडे चढायचं. साधारण 90 मीटर लांब, रस्ता जेमतेम तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना 80 मीटर खाली समुद्र. आताचा काँक्रीटचा रस्ता 1945 मध्ये जर्मन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला आहे, कारण पाच वर्षं बेट जर्मनांच्या ताब्यात होतं. कठडे 1900 ला बसवले, त्याच्या आधी वारा असला की शाळेत जाणारी छोट्या सार्कची पोरं रांगत पलीकडे जायची म्हणे, आणि तिथे उभं राहिल्यावर त्यात काहीच अतिशयोक्ती वाटत नाही. सायकलवरून उतरून चालायचं असा नियम आहे, तो पाळाच. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर होता, पश्चिमेचा वारा, आणि हातात धरलेली सायकल शिडासारखी वागायला लागली, पुढचं चाक आपोआप कठड्याकडे वळायचं, मी एका हाताने हँडल आणि एका हाताने लोखंडी नळी धरून सरकत गेले, नळी मीठ लागल्यासारखी चिकट आणि बर्फासारखी गार होती, नवरा पुढून काहीतरी ओरडत होता ते एक अक्षर ऐकू आलं नाही. 90 मीटरला मला दहा मिनिटं लागली. माझा स्पष्ट सल्ला, वारा असेल तर सायकल अलीकडेच कुंपणाला लावून ठेवा आणि चालत जा, छोटं सार्क पायी फिरण्याएवढंच आहे.

आणि तिकडे गेलात तर व्हीनस पूल बघायला म्हणून नुसते धावू नका, ओहोटीच्या आसपासच तो तलाव मोकळा होतो, इथे मोठ्या भरतीला पाण्याची पातळी दहा मीटरपर्यंत वर-खाली होते, वेळ बघूनच उतरा, शेवटचा टप्पा खडकांवरून आहे आणि चांगले बूट हवेत. त्याच बाजूला चांदीच्या खाणींचे पडके बांधकाम दिसतं. ते मात्र चुकवू नका, कारण बेटाची मालकी एकदा या खाणींमुळे हातची गेलीय. 1840 च्या सुमारास ल पेली घराण्याचा सेन्यर चांदीच्या मागे लागला, पैसे संपले, राणीची परवानगी काढून आख्खी जहागीर गहाण टाकली, चांदी काही पुरेशी निघाली नाही, आणि 1852 मध्ये ज्याच्याकडे गहाण होती त्याची मुलगी मारी कॉलिंग्ज सार्कची डेम झाली. गहाणखताने बेट गेलं. तिथल्या दगडांवर बसून हे वाचा, घरी वाचण्यात ती मजा नाही.

संध्याकाळी सायकल परत द्यायला गेलो तर दुकान बंद, कारण वाऱ्यामुळे सगळा वेळ चालण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिली तर दोन दिवसांचे पैसे लावले, वर ब्रेक मीच बिघडवला असं सांगितलं. मी पैसे भरले कारण बोटीची वेळ झाली होती, आणि खाली बंदरावर गेले तर बोटच रद्द. दुसरी रात्र ती. घेतानाच सायकलचा फोटो काढा, ब्रेकचा व्हिडिओ काढा, आणि बंद व्हायची वेळ लिहून घ्या.

पण ती दुसरी रात्र झाली नसती तर हा लेख झाला नसता. जिथे राहिलो तिथल्या बाईंना घरमालकीण म्हणणं खरं तर चुकीचं आहे. रात्री त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर एक फाईल आणून ठेवली, रबर लावलेली, आत नकाशा, त्यावर हिरव्या शाईने टेनेमेंटची हद्द आणि त्या हद्दीत एका कोपऱ्यात त्यांचं घर, पेन्सिलने. घर त्यांनी बांधलं, छप्पर त्यांनी बदललं, पण जमीन लीजवर, आणि लीजची जेवढी वर्षं कमी होतात तेवढी घराची किंमत उतरते. जमीन टेनेमेंटवाल्याची, टेनेमेंटवाला सेन्यरकडून धरतो, सेन्यर राजाकडून. 1611 मध्ये पहिल्या जेम्स राजाने टेनेमेंटचे तुकडे पाडायला बंदी घातली आणि त्या बंदीने बेटाचा नकाशा चारशे वर्षं तसाच धरून ठेवला. वारसही मोठा मुलगाच, ते 1999 ला कायद्याने बदललं, मुलींनाही वारस होता यायला लागलं. बाईंनी मला विचारलं तुमच्याकडे कसं होतं. मी कसेल त्याची जमीन हे त्यांना इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही नीट, पण आजोबांचं सांगितलं तेव्हा त्यांना लगेच कळलं.

मग 2008 ला झालं काय? इथल्या सभेला चीफ प्लीज म्हणतात. तोपर्यंत 40 टेनेमेंटवाले आपोआप सभासद, 1922 पासून लोकांनी निवडलेले 12 प्रतिनिधी त्यात भर. म्हणजे जमीन असेल त्याला सभेत जागा. 2008 च्या सुधारणेने ते गेलं आणि 28 निवडून आलेले सभासद आले (आता 18). डिसेंबरमध्ये पहिली निवडणूक झाली, बार्कलेंना हवे होते ते उमेदवार बहुतेक पडले, आणि दुसऱ्याच दिवशी बेटावरची त्यांची हॉटेलं, दुकानं बंद, इतक्या छोट्या वस्तीत शंभरेक लोक बेकार. ती पुढे परत उघडली, पण माझ्या डोळ्यांसमोर गावातली दुकानांची एकमेव गल्ली होती आणि मी विचार करत होते की मत देऊन आल्यावर सकाळी हे बघायचं म्हणजे काय. या सुधारणेविरुद्धची बार्कलेंची केस यूकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, 2009 च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने ती फेटाळली, न निवडलेला सेन्यर सभेत बसतो तेवढ्याने मतदाराचा हक्क मोडत नाही असं ठरलं. सेन्यर आजही सभेत बसतो, मत मात्र नाही. वारसाहक्काने येतो. मायकल बोमाँ 1974 पासून 2016 पर्यंत, त्यांच्यानंतर मुलगा ख्रिस्तोफर.

कबुतरखाना सेन्यरच्या वाड्यामागे आहे, वाड्याचं नाव ला सेन्यरी. कबुतरं पाळायचा आणि नसबंदी न केलेली मादी कुत्री पाळायचा हक्क फक्त सेन्यरला होता, 2008 पर्यंत. बाग छान आहे, तिकीट आहे, दोन तास जातात.

अजून एक, कायद्याची आवड असेल तर. कुणी तुमच्या जमिनीवर काही करायला लागलं तर साक्षीदारांसमोर गुडघे टेकून हारो हारो हारो, राजा मदतीला ये, असं फ्रेंचमध्ये ओरडायचं, प्रार्थना म्हणायची, की काम तिथल्या तिथे थांबवावं लागतं. नॉर्मन काळापासून चालत आलेलं. सार्कमध्ये 1970 ला एका बागेच्या भिंतीवरून वापरलं गेलंय.

जाणाऱ्यांसाठी: एका दिवसात करू नका, दोन रात्री धरा आणि परतीच्या विमानाला किमान एक दिवस मोकळा ठेवा, बोट वाऱ्यावर अवलंबून आहे. टॉर्च घ्याच, रस्त्यावर एकही दिवा नाही, 2011 ला काळ्या आकाशाचं पहिलं बेट म्हणून मान मिळालाय तो त्यामुळेच, आणि आम्ही जेवून परत येताना खड्ड्यात पाय गेला. फोनचं यूकेचं पॅकेज तिथे चालतं का ते कंपनीला लेखी विचारा, गर्न्सी वेगळं धरतात, मला बिलात 31 पौंड जास्त लागले. भारतीय पासपोर्टवाल्यांनी गर्न्सीचे नियम वेगळे वाचा, यूकेचे वाचून गृहीत धरू नका. सुटे म्हणून गर्न्सीच्या नोटा मिळतात, एक पौंडाचीसुद्धा नोट आहे, त्या इंग्लंडात दुकानदार घेत नाहीत, निघायच्या आधी बंदरावरच संपवा.