सूत्रधार विंगेत जातच नाही

आमचे नानामामा थिएटरात शेजारी बसले की एका तिकिटात सिनेमा दोनदा व्हायचा. एकदा पडद्यावर आणि एकदा त्यांच्या तोंडून. "हा बघ, हा आता फितूर होणार." "डोंगर खरा नाही हां, मागे रंगवलेला पडदा लावलाय." पुढच्या रांगेतून कोणी 'शुक् शुक्' केलं की पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा सुरू. आई कधी त्यांच्या शेजारची खुर्ची घेत नसे. सख्खा भाऊ असला तरी.

पुढे डीव्हीडीच्या दिवसांत एका रविवारी रिमोटवरचं 'ऑडिओ'चं बटण चुकून दाबलं गेलं. 'गॉडफादर'मधलं लग्न चालू होतं. बँडचा आवाज, संवाद सगळं एकदम दबलं आणि वर एक वयस्कर माणूस ओसरीवर बसून बोलावं तसा बोलायला लागला. मला मामाच आठवले. हे मामा मात्र 'गॉडफादर'चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला होते. चित्रपट चालू असताना त्याच्यावरून असं बोलत राहण्याला कॉमेंट्री म्हणतात.

मी बटण पुन्हा दाबणार होतो, ते राहून गेलं. जवळजवळ तीन तास ऐकत बसलो. मला वाटलं होतं, कलेबिलेवर प्रवचन असेल. निघालं गाऱ्हाणं. बत्तीस वर्षांचा दिग्दर्शक, स्टुडिओला नट म्हणून ब्रँडो नको, पचिनो नको, आणि आज नाही तर उद्या आपल्याला काढणार ही धाकधूक. लुका ब्राझी या गुंडाचं काम करणारा धिप्पाड गडी मूळचा कुस्तीगीर; ब्रँडोसमोर उभं राहताना त्याची बोबडी वळली आणि वाक्यं अडखळली. कोपोलाने ते अडखळणं तसंच ठेवलं आणि वर, बाहेर बसून तो तेच वाक्य घोकतोय असा एक प्रसंग नंतर जोडला. पडद्यावर आपल्याला वाटतं, काय बारकाईने लिहिलंय!

पण माझ्या मनात घर केलं ते हॉस्पिटलच्या प्रसंगाने. मायकेल, म्हणजे पचिनो, रात्री वडिलांना बघायला येतो आणि पहाऱ्यावर कोणीच नसतं. लांबच लांब रिकामे कॉरिडॉर. तिथे माझ्या पोटात दर वेळी गोळा यायचा. तर म्हणे, रिकाम्या कॉरिडॉरचे पुरेसे शॉट घेतलेच नव्हते. संकलनाच्या वेळी ते ध्यानात आलं. मग मदतीला आलेल्या तरुण जॉर्ज लुकासने टाकून दिलेल्या तुकड्यांत हात घातला. नट चौकटीबाहेर गेल्यावर दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत कॅमेरा फिरतच असतो ना, त्या दोन-चार सेकंदांत रिकामा कॉरिडॉर आपसूक चित्रित झाला होता. तेवढंच वेचून जोडलं. भाजीची देठं टाकायची नाहीत, चटणी होते, असं माझी आजी म्हणायची. ती लुकासला आवडली असती.

त्यानंतर तो प्रसंग मी पुष्कळदा पाहिला. गोळा येत नाही. दर वेळी डोक्यात येतं, आत्ता कोणीतरी 'कट' म्हणणार. कॉमेंट्रीने मला काहीतरी दिलं आणि त्याच हाताने काहीतरी काढून घेतलं, आणि हा सौदा कितपत बरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिग्दर्शक डेव्हिड लिंचचं ठरलेलं होतं. तो कॉमेंट्री करत नसे. 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या डीव्हीडीत त्याने प्रकरणांचे टप्पेसुद्धा ठेवू दिले नाहीत. बघायचं तर सलग बघा. स्पीलबर्गही या वाटेला गेलेला नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्या संगीत नाटकात सूत्रधार नटीशी दोन गोष्टी बोलतो, आजचा खेळ काय ते सांगतो आणि विंगेत जातो. तो तिसऱ्या अंकापर्यंत कोपऱ्यात उभा राहून "आता नायिका का रडते बरं का" सांगू लागला तर प्रेक्षक नारळ फेकतील. कवीला अर्थ विचारू नये म्हणतात तेही यासाठीच. विचारलाच तर निदान त्याने सांगू नये.

अर्थ सोडून बाकी मात्र सांगावं. पाऊस कुठे पडला, पैसे कुठे संपले, कोण रुसलं. कॉमेंट्रीची सुरुवातही तशा माणसानेच केली. 1984 साली क्रायटेरियन या कंपनीने 'किंग काँग'ची लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी, काढली, तीत आवाजाचा एक मार्ग मोकळा होता. त्यावर रोनाल्ड हेव्हर हा चित्रपट-इतिहासकार बोलला. म्हणजे पहिला मान दिग्दर्शकाचा नव्हेच, जाणत्या प्रेक्षकाचा. पुढे सगळेच बोलू लागले. 'द लाइमी'च्या कॉमेंट्रीत लेखक लेम डॉब्स दिग्दर्शक सोडरबर्गशी चक्क भांडतो, माझ्या पटकथेचं काय केलंस म्हणून. ऐकायला फार मजा! उलट 'टोटल रिकॉल'च्या कॉमेंट्रीत नायक श्वार्झनेगर जे दिसतंय तेच सांगत बसतो. तो थेट नानामामांच्या घराण्यातला.

आपल्याकडे फाळक्यांना ही सोय मिळाली असती तर? पण त्यांनी ते काम लेखणीने केलंच होतं. 1917-18 च्या 'नवयुग' मासिकातल्या लेखांत ते सांगतात, की ख्रिस्ताचा चित्रपट डोळ्यांपुढून सरकत होता आणि मनापुढे श्रीकृष्ण, श्रीराम दिसत होते. 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं आज आपल्या हाती नाहीत. माणसाचं बोलणं मात्र आहे.

आता डीव्हीडी माळ्यावर गेल्या. ओटीटीवर 'ऑडिओ' दाबलं की तमिळ, तेलुगू, मराठी अशी भाषांची यादी येते, दिग्दर्शक येत नाही. एकदा मी चुकून अंधांसाठीचं वर्णन लावलं. "ती दार उघडते. ती थांबते." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाना आलाय का?"

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती. तिने 'गॉडफादर' पाहिला नव्हता. हॉस्पिटल आलं. रिकामा कॉरिडॉर. तिने उशी पोटाशी घट्ट धरली आणि मला म्हणाली, "मामा, आता काय होणार?" मी तोंड उघडलं.

मग उठलो आणि चहाचं आधण ठेवायला गेलो.